एक पदवी, अनेक विद्यापीठे : युरोपातील खगोलभौतिकीचे संयुक्त शिक्षण

खगोलभौतिकीचा आंतरराष्ट्रीय संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम म्हणजे वेगवेगळ्या देशांतील विद्यापीठांनी एकत्र येऊन आखलेला आणि एकत्रच चालवलेला, साधारणतः दोन वर्षांचा, एम.एस्सी.च्या दर्जाचा अभ्यासक्रम. त्यात विद्यार्थी एका विद्यापीठाचा आणि दुसऱ्याकडे पाहुणा, असा प्रकार नसतो. प्रवेश सगळी विद्यापीठे मिळून देतात, विषय आपापसांत वाटून घेतात, एकमेकांच्या परीक्षा मान्य करतात आणि शेवटी एकच संयुक्त पदवी किंवा आपापल्या स्वतंत्र पदव्या देतात. युरोपात अशा शिक्षणाला बळ मिळाले ते युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस योजनेमुळे. ही योजना २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१४ पासून ती इरॅस्मस प्लस या व्यापक कार्यक्रमाचा भाग आहे. तीन वेगळ्या देशांतील किमान तीन संस्था एकत्र आल्याशिवाय या योजनेत अभ्यासक्रम उभा करता येत नाही. विद्यार्थ्यालाही किमान दोन देशांत शिकावे लागते आणि ते दोन्ही देश त्याच्या राहत्या देशाहून वेगळे असावे लागतात.

अशी रचना खगोलभौतिकीला विशेष मानवते, कारण हे शास्त्र आता एका देशाच्या आवाक्यात राहिलेले नाही. युरोपीय दक्षिण वेधशाळा १९६२ मध्ये बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडन या पाच देशांनी मिळून स्थापन केली. प्रत्येकी ८.२ मीटर व्यासाच्या आरशांच्या तिच्या चार दुर्बिणी चिलीतील पारानाल डोंगरावर आहेत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील लायगो आणि इटलीतील व्हर्गो या यंत्रणांनी टिपल्या. मग जगभरातील सुमारे सत्तर वेधशाळांनी आकाशाच्या त्या कोपऱ्याकडे दुर्बिणी वळवल्या. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर घडलेल्या या घटनेवरील मुख्य संयुक्त शोधनिबंधाला तीन हजारांहून अधिक लेखक आहेत. ज्या क्षेत्रात एका निबंधावर इतकी माणसे काम करतात, तिथे परक्या देशात जाऊन, परक्या पद्धतीच्या गटात मिसळून काम उभे करणे हे पंचविशीच्या आत शिकलेले बरे.

या प्रकारचा ठळक अभ्यासक्रम म्हणजे २०१० मध्ये सुरू झालेला ॲस्ट्रोमुंडुस. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठ त्याचे समन्वयक होते. इटलीतील पादुआ आणि रोमचे तोर व्हेर्गाता, जर्मनीतील ग्यॉटिंगेन आणि सर्बियातील बेलग्रेड ही विद्यापीठे त्यात सहभागी होती. या यादीत खगोलभौतिकीचा बराच इतिहास सामावला आहे. पादुआत गॅलिलिओने १५९२ ते १६१० अशी अठरा वर्षे अध्यापन केले आणि गुरूचे चार मोठे चंद्र तिथेच असताना पाहिले. त्याच विद्यापीठाची वेधशाळा आज आसियागोच्या पठारावर आहे. तिथली १२२ सेंटिमीटरची दुर्बीण १९४२ पासून वापरात आहे. ग्यॉटिंगेनच्या वेधशाळेचे संचालकपद आधी गाउसने आणि १९०१ ते १९०९ या काळात कार्ल श्वार्त्सशिल्डने सांभाळले. कृष्णविवराच्या त्रिज्येला आज याच श्वार्त्सशिल्डचे नाव आहे. इन्सब्रुकच्या डोक्यावर हाफेलेकार हे सुमारे २,३०० मीटर उंचीचे ठिकाण आहे. विश्वकिरणांच्या शोधासाठी १९३६ चे नोबेल मिळवणाऱ्या व्हिक्टर हेसने १९३१ मध्ये तिथे त्या किरणांचे निरीक्षण केंद्र उभारले. बेलग्रेडला मिलुतिन मिलांकोविच शिकवत असे. पृथ्वीच्या कक्षेतील आणि आसाच्या कलातील सावकाश बदलांचा हिमयुगांशी असलेला संबंध त्याने गणिताने मांडला. दक्षिण सर्बियातील विदोयेवित्सा डोंगरावरील १.४ मीटरच्या दुर्बिणीला त्याचे नाव दिलेले आहे.

ॲस्ट्रोमुंडुस पुढे बंद झाला. त्यातील रोम आणि बेलग्रेड यांनी जर्मनीतील ब्रेमेन आणि फ्रान्समधील कोत दाझ्यूर विद्यापीठाला सोबत घेतले आणि खगोलभौतिकी व अवकाशविज्ञानाचा नवा संयुक्त अभ्यासक्रम उभा राहिला. त्याचे संक्षिप्त नाव मास. यात अवकाशयानांची आणि उपकरणांची बाजू ठसठशीत आहे. ब्रेमेन हे जर्मन अवकाश उद्योगाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात १४६ मीटर उंचीचा एक मनोरा आहे. त्यातील निर्वात नळीतून प्रयोगाची कुपी खाली सोडली, की ४.७ सेकंद वजनरहित अवस्था मिळते. खालून कुपी वर फेकली तर हा काळ जवळपास दुप्पट होतो. कोत दाझ्यूर भागात नीसजवळच्या कालेर्न पठारावरून चंद्रावरच्या परावर्तकांकडे लेसर सोडून चंद्राचे अंतर मोजले जाते. रोमच्या तोर व्हेर्गातापासून जवळच फ्रास्काती येथे युरोपीय अवकाश संस्थेचे पृथ्वीनिरीक्षणाचे केंद्र आहे.

युरोपीय संघ एका अभ्यासक्रमाला ठरावीक वर्षांपुरतेच अनुदान देतो. तेवढ्यात विद्यार्थ्यांच्या काही तुकड्या होतात आणि मग विद्यापीठांना स्पर्धेत उतरून पुन्हा अनुदान मिळवावे लागते. त्यामुळे मित्राने तीन वर्षांपूर्वी सांगितलेला अभ्यासक्रम आज चालू असेल, पण शिष्यवृत्तीशिवाय, असे घडू शकते. युरोपीय आयोगाची संबंधित संस्था दरवर्षी चालू अभ्यासक्रमांची सूची प्रसिद्ध करते. तीच पाहावी.

अभ्यासाचा गाभा सगळीकडे जवळपास सारखा असतो. ताऱ्यांची अंतर्रचना आणि उत्क्रांती, ताऱ्याच्या वातावरणातून प्रकाश बाहेर कसा पडतो याचे गणित, दीर्घिका, विश्वरचनाशास्त्र, सामान्य सापेक्षता, उच्च ऊर्जेच्या घटना, निरीक्षणाच्या पद्धती, संख्याशास्त्र आणि संगणकीय गणन हे विषय चुकत नाहीत. भारतात बी.एस्सी. करताना भौतिकशास्त्र आणि गणित नीट झालेले असेल, तर यातले सूत्रांचे काम जड जात नाही. अडते ते आकडेवारी हाताळताना, कारण आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांतले प्रयोग उत्तर आधीच माहीत असलेले असतात.

आकडेवारी हाताळायला शिकवणारा एक सराव म्हणजे कृत्तिका या तारकागुच्छाचे अंतर काढणे. युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया यानाने २०१४ ते २०२५ या काळात आकाशाची मोजणी केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या संचात सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या नोंदी आहेत आणि त्या कुणालाही मोफत पाहता येतात. विद्यार्थी कृत्तिकांच्या दिशेच्या नोंदी उतरवून घेतो. त्यात हजारो तारे येतात, पण बहुतेक तारे त्या गुच्छातले नसून पुढचे किंवा मागचे असतात. गुच्छातले तारे आकाशात एकाच दिशेने, जवळपास एकाच गतीने सरकतात. त्या गतीवरून ते वेगळे काढता येतात. मग उरलेल्यांचा पराशय पाहायचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित हललेला दिसतो, त्या कोनाला पराशय म्हणतात. कृत्तिकांचा पराशय एका कोनीय सेकंदाचा सुमारे ७.४ सहस्रांश भरतो. त्यावरून अंतर निघते सुमारे १३६ पार्सेक, म्हणजे ४४० प्रकाशवर्षांच्या आसपास.

खरा धडा इथून पुढे सुरू होतो. गायाच्या आधीच्या हिप्पार्कस यानाच्या मोजणीतून हेच अंतर सुमारे १२० पार्सेक निघाले होते आणि त्यावरून कित्येक वर्षे वाद चालला. एका नावाजलेल्या यानाचा आकडा चुकीचा का आला, हे विद्यार्थ्याला समजून घ्यावे लागते. गायाच्या पराशयातही किंचित पद्धतशीर फरक आहे. तो दुरुस्त करावा लागतो. अंधूक ताऱ्यांच्या मोजणीत अनिश्चितता मोठी असते. एकेका ताऱ्याचे अंतर काढून मग त्यांची सरासरी घेतली, तर उत्तर एका बाजूला झुकते. त्याऐवजी आधी सगळ्यांचे पराशय एकत्र हाताळावे लागतात. पायथनच्या पन्नास-साठ ओळींत हे सगळे बसते, पण त्या ओळी लिहिण्याआधी दोन-तीन शोधनिबंध वाचावे लागतात. संशोधक घडायला सुरुवात अशाच सरावातून होते.

या शिक्षणाचा हिशेब श्रेयांकांत होतो. युरोपीय श्रेयांक पद्धतीत एका पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक धरतात आणि एक श्रेयांक म्हणजे व्याख्याने, सराव आणि घरचा अभ्यास धरून २५ ते ३० तासांचे काम. दोन वर्षांचे १२० श्रेयांक होतात. श्रेयांक सगळीकडे सारखे असले तरी गुणांच्या पद्धती मात्र सारख्या नाहीत. इटलीत परीक्षा ३० गुणांची असते आणि १८ ला पास. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास होतो, पण तिथले प्राध्यापक १६ सुद्धा हात राखून देतात. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. ऑस्ट्रियातही १ सर्वोत्तम आणि ५ म्हणजे नापास. सर्बियात उलटे, तिथे १० सर्वोत्तम आणि ५ म्हणजे नापास. एकाच विद्यार्थ्याच्या गुणपत्रकांवर इटलीतले २७ आणि जर्मनीतले १.७ शेजारी शेजारी येतात. म्हणून विद्यापीठे रूपांतराचा तक्ता आधीच ठरवून ठेवतात. पुढे पीएच.डी.साठी किंवा भारतात नोकरीसाठी अर्ज करताना हा तक्ता जोडावा लागतो, तेव्हा तो पहिल्याच सत्रात मागून घ्यावा.

इटलीतल्या तोंडी परीक्षेची वेगळी तयारी लागते. प्राध्यापक फळ्याजवळ उभे करून एखादे समीकरण मांडायला सांगतात आणि प्रत्येक पायरीला ‘असे का?’ म्हणून विचारतात. लेखी परीक्षेच्या सवयीने पाठ केलेले उत्तर तिथे दोन मिनिटांत उघडे पडते. आपल्याकडच्या हुशार विद्यार्थ्यांनाही पहिल्या सत्रात धक्का बसतो तो इथे. फळ्यासमोर बोलून समजावण्याचा सराव निघण्यापूर्वी करता येतो आणि तो जरूर करावा.

शेवटचे सत्र प्रबंधाचे असते. त्याला साधारण ३० श्रेयांक असतात, म्हणजे साडेसातशे ते नऊशे तासांचे काम. या सहा महिन्यांत विद्यार्थी एका मार्गदर्शकाच्या गटात बसतो, त्या गटाची आकडेवारी किंवा उपकरण वापरतो आणि बहुधा दुसऱ्या विद्यापीठातला एक सहमार्गदर्शकही त्याला मिळतो. पुढची पीएच.डी. कुठे मिळणार, हे प्रामुख्याने या सत्रावर ठरते. शिफारसपत्र लिहिणारा माणूस इथेच भेटतो. काम चांगले झाले तर विद्यार्थ्याचे नाव असलेला पहिला शोधनिबंधही इथूनच निघतो. असे असूनही अर्ज करणारे बरेच जण शहरे पाहून अभ्यासक्रम निवडतात. ही निवड उलट्या टोकाने व्हायला हवी. आपल्याला ताऱ्यांवर काम करायचे आहे, दीर्घिकांवर, सूर्यावर की उपकरणांवर, हे आधी ठरवावे. त्या विषयाचा जिवंत गट कोणत्या विद्यापीठात आहे ते शोधावे आणि प्रबंधाचे सत्र तिथे घेता येईल असा मार्ग निवडावा.

आता पैशाचा भाग. २०२१ नंतरच्या इरॅस्मस मुंडुस अभ्यासक्रमांत शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो असते आणि ती जास्तीत जास्त २४ महिने मिळते. म्हणजे दोन वर्षांचे ३३,६०० युरो. शिष्यवृत्तीधारकाला शिक्षणशुल्क भरावे लागत नाही आणि विम्याची सोय अभ्यासक्रम करतो. हे कर्ज नाही, त्यामुळे ते फेडायचेही नसते. मात्र विमानभाडे, व्हिसाचा खर्च आणि दर सत्राला नव्या शहरात संसार मांडण्याचा खर्च याच रकमेतून भागवावा लागतो. २०१४ ते २०२० या काळातील जुन्या नियमांत महिन्याला १,००० युरो आणि प्रवासाची वेगळी रक्कम होती. जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेले आकडे आज जुळत नाहीत, ते यामुळेच. पहिला हप्ता तिथे पोहोचून बँकेचे खाते उघडल्यावरच जमा होतो, म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांची तजवीज घरूनच करून जावे लागते. घराची अनामत रक्कम नेमकी याच काळात भरायची असते. सामान्य परिस्थितीतल्या कुटुंबाने हे आधी हिशेबात धरावे.

शिष्यवृत्त्यांच्या वाटपात एक नियम भारतीयांना फार महत्त्वाचा आहे. एका अभ्यासक्रमाच्या एकूण शिष्यवृत्त्यांपैकी एकाच देशाच्या नागरिकांना १० टक्क्यांहून अधिक देता येत नाहीत. समजा, अनुदानाच्या सगळ्या वर्षांत मिळून साठ शिष्यवृत्त्या असतील, तर त्यातल्या जास्तीत जास्त सहा भारतीयांना. साऱ्या अभ्यासक्रमांचा मिळून विचार केला, तर या शिष्यवृत्त्या मिळवण्यात भारतीय विद्यार्थी अनेक वर्षे आघाडीवर राहिले आहेत आणि अर्जही भारतातून भरपूर जातात. त्यामुळे प्रत्यक्ष स्पर्धा असते ती आपल्याच देशातल्या अर्जदारांशी. चांगली गुणपत्रके या सगळ्यांकडेच असतात. फरक पडतो तो हाताने केलेल्या कामाने. एखादा उन्हाळी प्रकल्प, दुर्बिणीवर केलेली निरीक्षणे, कुणालाही तपासता येईल असा स्वतः लिहिलेला संगणकीय कार्यक्रम यांचे वजन मोठे असते.

अर्ज थेट त्या अभ्यासक्रमाकडे करायचा असतो. ब्रसेल्सला युरोपीय आयोगाकडे काही पाठवावे लागत नाही आणि एजंटाची गरज कुठेच पडत नाही. अर्ज बहुधा हिवाळ्यात घेतात, निकाल वसंतात लागतो आणि सत्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते. पदवीची गुणपत्रके, इंग्रजीचा दाखला, शिफारसपत्रे, पासपोर्ट, राहत्या देशाचा पुरावा आणि एसओपी, म्हणजे अर्जामागचा हेतू सांगणारे निवेदन, एवढी कागदपत्रे लागतात. युरोपातील बॅचलर पदवी बहुतेक तीनच वर्षांची असल्याने आपली तीन वर्षांची बी.एस्सी. अनेक ठिकाणी चालते, तरीही अभ्यासक्रमाच्या नियमांत तसे स्पष्ट लिहिलेले आहे का, ते पाहावे. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांनाही बहुधा अर्ज करता येतो. ज्याने ही शिष्यवृत्ती एकदा घेतली, त्याला ती पुन्हा मिळत नाही.

एसओपीमध्ये लहानपणी तारे पाहिल्याची आठवण जवळपास प्रत्येक जण लिहितो. निवड समितीला त्यातून काही कळत नाही. कोणता प्रश्न सोडवायला घेतला, कुठे अडले, त्यातून काय शिकलो आणि आता नेमके कुणाच्या गटात काय करायचे आहे, हे साध्या वाक्यांत लिहिलेले असेल तर अर्ज वाचला जातो.

निवड झाल्यावरचे कागदोपत्री काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. इटलीत पोहोचल्यावर आठ दिवसांच्या आत निवासपरवान्याचा अर्ज द्यावा लागतो. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीचा व्हिसा तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन नोंदवावा लागतो. जर्मनीत राहत्या पत्त्याची नोंद नगरपालिकेत करावी लागते. सर्बिया युरोपीय संघात नाही आणि शेंगेन क्षेत्रातही नाही, म्हणून तिथला परवाना संपूर्णपणे वेगळा. एका देशाच्या परवान्यावर दुसऱ्या देशात सहा महिने शिकता येईलच, असे गृहीत धरू नये. अभ्यासक्रमाचे कार्यालय या कामात मदत करते, पण तारखा सांभाळायच्या त्या विद्यार्थ्यानेच.

इरॅस्मस मुंडुस मिळाली नाही, तर दुसरे मार्गही आहेत. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्त्या देत आहे. कोल्हापूरला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले ते टाटा शिष्यवृत्तीच्या आधारावर. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. संयुक्त अभ्यासक्रमात विद्यापीठे अनेक असल्याने ही अट कोणत्या विद्यापीठाला लागू होते, ते अर्जापूर्वी समाजकल्याण आयुक्तालयाकडून लेखी घ्यावे.

परतून यायचे असेल, तर पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न येतो. परदेशी पदव्यांच्या मान्यतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. पदवी संयुक्त आहे की दोन वेगळ्या पदव्या आहेत, त्या कोणत्या विद्यापीठांच्या आहेत, हे प्रमाणपत्रावर कसे लिहिले जाते ते प्रवेश घेतानाच विचारावे. काम करायला इथे जागा आहे. नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, नारायणगावजवळच्या खोडदची ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया, ही तिन्ही ठिकाणे महाराष्ट्रातच आहेत. तिन्ही ठिकाणची कामे परदेशी गटांशी जोडलेली आहेत. ज्याला पीएच.डी. भारतातच करायची आहे आणि प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होण्याची तयारी आहे, त्याला युरोपात जाण्याची सक्ती वाटण्याचे कारण नाही. इथल्या संशोधन संस्थांतही विद्यावेतन मिळते. उपकरणशास्त्र, अवकाशयाने किंवा युरोपीय दुर्बिणींची आकडेवारी ज्याला जवळून हाताळायची आहे, त्याला मात्र संयुक्त अभ्यासक्रमाचा फायदा ठळक आहे.

युरोपात पीएच.डी. ही अनेक देशांत पगारी नोकरी असते आणि ती तीन-चार वर्षे चालते. त्यानंतर खगोलशास्त्रातल्या कायम जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, ही परिस्थिती सगळ्या देशांत आहे. या अभ्यासातून आलेली आकडेवारीची आणि गणनाची तयारी अवकाश उद्योगात, हवामानशास्त्रात आणि माहितीविज्ञानात उपयोगी पडते. अनेक जण पुढे तिकडेच वळतात. अर्ज करू पाहणाऱ्यांनी आपल्या आवडीच्या अभ्यासक्रमातील आधीच्या तुकड्यांनी कोणत्या विषयांवर प्रबंध लिहिले, ते शोधून त्यातले निदान दोन आधी वाचावेत. वाचताना पुढचा प्रश्न स्वतःला सुचला, तर एसओपी लिहायला घ्यावी.